हिरव्या मानेचे बदक

त्या स्वयंपाकघरात सकाळचा उजेड कधी घाईने शिरत नसे. आधी तो समोरच्या कौलांवर थबके, मग परसातल्या अक्रोडाच्या पानांतून गाळला जाऊन खिडकीच्या काचेवर येई. तिथे जरा मळका होऊन तो टेबलावरच्या मेणकापडावर उतरे आणि पावाच्या प्रत्येक चुऱ्याला त्याची इवलीशी सावली देई. साखरेच्या भांड्याला वळसा घालून अखेर तो घरमालक बेरेन्स यांच्या हातांपाशी पोहोचे. म्हाताऱ्या हातांवरचे तपकिरी ठिपके उजळत, पुढे मनगट, पुढे लोकरी जाकिटाची विरलेली बाही. मग बेरेन्स सावकाश तोंड खिडकीकडे वळवत आणि तो उजेड चेहऱ्यावर घेत बसून राहत. जूनचे ऊन थेट डोळ्यांत येई, तरी त्यांची पापणी लवत नसे. समोर बसणाऱ्या त्यांच्या भाडेकरूला, संघर्षला, त्यात शिकाऱ्याचा संयम दिसे.

"आज बदक आणणार ना, झंगार्ष?" कपात कॉफी ओतताना त्यांनी विचारले. कपाच्या काठावरून आत सोडलेल्या बोटाला कॉफी लागताच त्यांनी किटली थांबवली. जुनी सवय, संघर्षने मनाशी म्हटले. हिवाळ्यापासून तो असेच म्हणत आला होता.

"हो, बेरेन्ससाहेब. दुपारच्या बसने जातो."

"बरोबर. म्हणजे संध्याकाळचा उजेड मिळेल. मानेवरचं हिरवं तिरप्या उजेडातच खुलतं."

अमरावतीचा संघर्ष जर्मनीत ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करायला आला, त्याला चौथे वर्ष चालू होते. पृष्ठभागावरचे, डोळ्यांना न दिसणारे चढउतार मोजणे हा त्याचा विषय. वरच्या मजल्यावरची खोली त्याला बेरेन्स यांनी दिली होती. नावाचा उच्चार त्यांना कधीच जमला नाही, आणि दुरुस्त करण्याइतका धीटपणा संघर्षपाशी कधीच नव्हता. आता कुणी नीट हाक मारली, तर तोच क्षणभर गोंधळला असता.

नोव्हेंबरात बेरेन्स यांनी शेवटचे रानबदक मारले. डोळ्यांचा भरवसा उरला नाही म्हणून दुसऱ्याच आठवड्यात बंदूक मित्राला देऊन टाकली. कोलोनला राहणारी त्यांची मुलगी दोन वर्षे मागे लागली होती : घर विका, माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात या. शेवटी त्यांनी तिला शब्द दिला. बदक पेंढा भरून आले, त्याला एकदा डोळे भरून पाहिले, की येतो. ओळखीचा पेंढा भरणारा तोवर वारला होता.

"तर मग तुम्ही शोधा एखादा," ते संघर्षला म्हणाले होते. "पण चांगला हवा. शिकलेले आहात, तुम्हाला कळेल."

संघर्षने शोधले, आणि शोधणे किती लांबवता येते हेही त्याला कळत गेले. संगणकावर पेंढा भरलेल्या बदकांची छायाचित्रे तो मोठी करकरून पाही. एकाने पाय भडक नारिंगी रंगवले होते, दुसऱ्याच्या बदकाची चोच किंचित तिरकी होती. पहिले नाव सापडले ते हार्त्सच्या डोंगरांच्या वाटेवरच्या गावातल्या फ्राऊ ल्यूडर्स या बाईंचे. ते त्याने, त्यांच्या बदकांची मान जरा जाड वाटते म्हणून, बाजूला ठेवले. दर रविवारी बेरेन्स विचारत, आणि दर रविवारी तो सांगे, "अजून चांगला मिळाला नाही." बदक तळघरातल्या फ्रीझरमध्ये होते. जोवर ते तिथे होते, तोवर हे टेबल होते, हा उजेड होता. प्रबंध अर्धवट असताना खोली गेली तर या शहरात दुसरी मिळायची नाही, हा हिशेब तर होताच. पण सकाळी आपली वाट पाहणारे दुसरे माणूस या देशात आपल्याला नाही, हे त्याने हिशेबात कधी धरले नाही.

आईने फोनवर ऐकले तेव्हा ती उडालीच.

"मेलेलं पाखरू? ज्यात तुझ्या पोळ्या ठेवतोस त्यात?"

"वेगळ्या कप्प्यात आहे गं."

"रोज सकाळी पंचशील म्हणतोस ना? पहिलं शील काय आहे, सांग बरं."

"मी नाही ना मारलं, आई."

"मग सांभाळत कशाला बसलायस? त्या बाबांचं त्यांना देऊन टाक की लवकर!"

त्याला आयते कारण मिळाले. हिंसेची वस्तू आपल्याच्याने हाताळवत नाही, म्हणून उशीर होतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

फेब्रुवारीत मुलगी स्वतःच कुणीतरी पाहते म्हणाली, तेव्हा कुठे तो निमूटपणे फ्राऊ ल्यूडर्स यांच्याकडे गेला.

"नोव्हेंबरचं बदक आत्ता आणताय?" त्या म्हणाल्या होत्या.

"चांगल्या माणसाच्या शोधात होतो."

"फ्रीझरमध्ये बदक काही सुधारत नाही हो. पाय वाळलेत बघा."

आज त्यांनी बदक पुढे ठेवले तेव्हा मान जराही जाड नव्हती. पाण्यावर उतरता उतरता काहीतरी ऐकू यावे, तसे ते किंचित वळून पाहत होते. डोळे तपकिरी काचेचे.

"शिकारी स्वतः आले नाहीत?"

"त्यांच्या डोळ्यांना जरा त्रास आहे."

"जरा?"

"उजेड असला की दिसतं त्यांना," संघर्ष म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्यांदा मनात म्हटले होते, की ते तोंडातून अगदी गुळगुळीत बाहेर पडले.

ल्यूडर्सबाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिले. मग त्यांनी बदक तपकिरी कागदात सैलसर गुंडाळले आणि सुतळी बांधली.

तो परतला तेव्हा तिरपा उजेड टेबलावर पसरला होता. बेरेन्स धुतलेला सदरा घालून, केस चापून बसले होते. दारामागे त्यांची बॅग भरून तयार होती.

"ठेवा, उजेडातच ठेवा."

संघर्षने पुडके त्यांच्यापुढे ठेवले, आणि कात्री घ्यायला तो खणाकडे वळला. खणात ती सापडेना.

"व्वा!" पाठीमागून आवाज आला. "काय हिरवं आहे हो! पाहिलंत, झंगार्ष? म्हटलं नव्हतं मी, तिरप्या उजेडात... फार छान. फार चांगला माणूस शोधलात."

संघर्ष वळला. पुडके टेबलावर तसेच होते, सुतळीची गाठसुद्धा न सोडलेली. पुडक्यापासून वीतभर बाजूला असलेल्या किटलीकडे पाहत बेरेन्स हसत होते. त्यांना त्याचे मन मोडायचे नव्हते.

मग टेबलाशी येऊन त्याने गाठ नखांनी सोडवली. आवाज होऊ नये म्हणून कागद घडीघडीने उलगडला. म्हातारा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि बदकाच्या मानेवर ठेवला.

"इथे," तो म्हणाला.

बोटे थबकली. चेहऱ्यावरचे हसू हळूहळू उतरले. मग बोटे डोक्यावरून, चोचीवरून, पुन्हा मानेवर आली आणि तिथेच राहिली.

"हे, हे हिरवं का?" बेरेन्स यांनी हलक्या आवाजात विचारले.

"हो."

बेरेन्स आंधळे झाले होते. हिवाळा संपण्याआधीच झाले होते.