शंभरातले सत्त्याण्णव

मित्रांनो, मी एक जुनी संगणक-आज्ञावली आहे, म्हणजे तुम्ही ज्याला सॉफ्टवेअर म्हणता ते. शिरूर कासार भागातल्या एका सहकारी दवाखान्यात चौदा वर्षं राहते. रक्ततपासणीची पट्टी खरा आजार किती वेळा ओळखते आणि आजार नसलेल्याला उगीच आजारी किती वेळा ठरवते, हे मोजणं माझं काम. आज मी रागावून बोलणार आहे, आधीच सांगते.

दुष्काळाच्या साली चारा छावणीत उंदीर माजले आणि त्यांच्यापासून होणारा लेप्टोचा ताप गावोगाव आला. दवाखान्याने नवी पट्टी आणली. तंत्रज्ञ पंडितने तापाच्या ऐंशी रुग्णांचं रक्त तपासलं आणि मोठ्या प्रयोगशाळेचे निकाल माझ्यात शेजारी भरले. फक्त 'तापाचा कितवा दिवस' हा रकाना कोरा ठेवला. मी लाल अक्षरांत टोकलं.

"हिची लई कटकट हाय," म्हणत त्याने पुढचं बटण दाबलं.

मी निमूट उत्तर दिलं : शंभर आजाऱ्यांतले सत्त्याण्णव पट्टी ओळखते. अध्यक्ष मोहनरावांनी पेढे वाटले.

पण ते ऐंशी जण कोण होते? घर सोडलं तर टँकरचं पाणी हुकेल, म्हणून आठ-दहा दिवस ताप अंगावर काढून आलेले. इतक्या दिवसांनी पट्टीला आजार सहज सापडतो. पट्टी शोधते ती प्रतिद्रव्यं रक्तात तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला सापडत नाही.

पाडव्यानंतर ऊसतोडीहून परतणारा ट्रक दवाखान्यासमोर थांबला. सत्यभामा उतरली, कडेवर अंगावर पिणारी लेक.

"कालधरनं ताप हाय, साहेब. फडात उंदरं लई व्हते."

पट्टीने 'नाही' दाखवलं.

"अगं बाई, सत्त्याण्णव टक्के खरी पट्टी हाय ही," पंडित हसला. डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या देऊन तिला घरी धाडलं.

सहाव्या दिवशी ती पिवळीधमक होऊन परत आली. आठव्या दिवशी गेली.

तिचा नवरा सुग्रीव लेकीला घेऊन आला. "कवाधरनं ताप हाय, ते तिनं सांगितलं व्हतं तुमाला. लिव्हून घ्यायला काय झालतं?"

पंडितने आकडा मागे घ्यायची गोष्ट काढली, तर मोहनराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं, संस्थेचं नाव जाईल."

तेव्हापासून मला कोणी उघडत नाही. माझा आकडा मात्र सगळे सांगतात.

मित्रांनो, असा आकडा कोणी तोंडावर फेकला तर विचारा : कुणाचं रक्त मोजलं? कितव्या दिवशीचं? उत्तर आलं नाही तर माझं ऐकू नका. समोर उभ्या असलेल्या बाईचं ऐका.