एकेरी रस्ता आणि बाबांची गाडी

आमचा रस्ता एकेरी झाला त्याच दिवशी दुपारी बाबा उलट दिशेने घरी आले. समोरून येणाऱ्या तीन गाड्या त्यांनी मागे हटवल्या, एकीकडेही ढुंकून पाहिलं नाही, आणि नेहमीच्या जागी, दोन झाडांच्या मधे, एका झटक्यात गाडी लावली. अशी लावली की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. मागोमाग मोटरसायकलवरून वाहतूक पोलीस आला आणि त्याने त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

मी ऑफिसच्या दारातून हे सगळं बघत होते. ऑफिस म्हणजे घराखालचीच खोली. दोन टेबलं, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि बाहेर शिकवण्याच्या तीन गाड्या. हे ड्रायव्हिंग स्कूल बाबांनी काढलं, छत्तीस वर्षं चालवलं, आणि गेली नऊ वर्षं मी चालवते. या भागातल्या निम्म्या लोकांना क्लच कसा सोडायचा ते आमच्या घराने शिकवलंय. त्यामुळे इथल्या रस्त्याबद्दल कुणी बोलायचं तर आधी आम्ही, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"पोरगा आहे अगदी. म्हणतो, आजोबा, पाटी दिसली नाही का!" बाबांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर टाकली. "अरे, पाटी लावायची तर माणसाच्या नजरेला पडेल अशी लावा. कुठे लपवून ठेवलीय कुणास ठाऊक."

चिठ्ठी पहिल्या ताकिदीची होती. तिसऱ्या खेपेला परवाना रद्द. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रद्द झालेला परवाना पुन्हा मिळत नाही हे मला कुणी समजावायची गरज नव्हती, असले अर्ज मीच लोकांना भरून देते. आणि परवाना गेला की बाबांचं आत्याकडे जाणं संपलं. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी साडेदहाला तिच्याकडे जातात. दोघं रेडिओ ऐकतात, लहानपणीच्या कुठल्यातरी गोष्टीवरून कडाकडा भांडतात, जेवतात, आणि तीनला बाबा परत येतात. त्यांचा अख्खा दिवस त्या गाडीवर उभा आहे.

तेव्हा मी ठरवलं, हा रस्ता पुन्हा होता तसा करायचा. मी एकदा ठरवलं की मग माझ्या वाटेत कुणी येत नाही. नवरा तर मुळीच येत नाही.

काम अवघड नव्हतं, कारण सगळा परिसर आधीच पेटलेला होता. एक महिन्याचा प्रयोग, असं महापालिकेने म्हटलं होतं. रस्ता एकेरी, दोन्ही कडांना सिमेंटच्या मोठमोठ्या कुंड्या, फुटपाथ दुप्पट रुंद. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंट वळसा घालून येईपर्यंत त्यांचा दातच दुखायचा थांबतो आणि ते परस्पर घरी जातात. पलीकडच्या इमारतीतले हॉर्नकाका तर पहिल्या दिवसापासून बाल्कनीत उभे राहून महापालिकेला शिव्या घालत होते. गाडी गेटमधून काढतानासुद्धा हॉर्न वाजवतात म्हणून त्यांना हे नाव पडलंय, आणि ते त्यांना आवडतं. बाबागाडी घेऊन फिरणाऱ्या दोन-तीन आया तेवढ्या खूश होत्या. त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

हरकतीचा अर्ज मीच लिहिला आणि फक्कड लिहिला. 'रहिवाशांना अंधारात ठेवून' अशी सुरुवात केली आणि 'अन्यथा' असा शेवट केला. पंधरा दिवसांत एकशे चाळीस सह्या झाल्या. सुनावणी शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. रहिवाशांच्या वतीने बोलायचं मीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

मधल्या काळात बाबांना दुसरी चिठ्ठी मिळाली. मी पोलीस चौकीत जाऊन भांडून आले. पाटी झाडाच्या फांदीआड जाते, असं ठासून सांगितलं. तिथल्या साहेबाने मला खिडकीतून पाटी दाखवली. निळी, माझ्या दाराएवढी, फांदीपासून चांगली हातभर लांब. मी म्हटलं, उन्हात चमकते. तो म्हणाला, "ताई, आत्ता ऊन कुठंय?" तरी मी हटले नाही.

सह्यांमध्ये एक सही राहिली होती, बेकरीवाल्याची. आमच्या समोरच त्याची बेकरी आहे आणि त्यालाही बाबांनीच गाडी शिकवलीय. गुरुवारी सकाळी मी कागद घेऊन गेले. तो ट्रे पुसत होता, पुसतच राहिला.

"सही कर की."

"नाही करणार, ताई."

"का? तुझी व्हॅन आता मागच्या गल्लीत लावावी लागते, त्याचं काही नाही?"

"त्याचं आहे. पण दुसरंही आहे." त्याने फडकं खाली ठेवलं. "रागावू नकोस. सर परवा इथून निघाले ना, तेव्हा त्या कोपऱ्यातल्या कुंडीपाशी थांबले. हॉर्न दिला. मग काच खाली केली आणि कुंडीला म्हणाले, 'जा हो बाई, तुम्ही जा आधी.'"

मी खो खो हसले. तो हसला नाही.

"आणि वाट बघत बसले, ताई. चांगली मिनिटभर. शेवटी मीच जाऊन म्हटलं, सर, गेल्या त्या, निघा तुम्ही."

राग आधी बेकरीवाल्याचाच आला, की मेल्या, हे तू दोन दिवस पोटात ठेवलंस! मग दुसऱ्या कुणाचा तरी यायला हवा होता, पण येईना. लोकांना गाडी शिकवणारी बाई मी. समोरचा नीट बघतोय की नाही हे त्याच्या मानेवरून ओळखते. आणि माझ्याच घरातला माणूस रोज माझ्या डोळ्यांदेखत किल्ली घेऊन खाली उतरत होता. त्यांना तपासायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण मला शिकवलं त्यांनीच.

"व्हॅनची किल्ली दे," मी म्हटलं. "अर्ध्या तासात आणून देते."

बाबा दहाला खाली आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, जरा माझ्याबरोबर मैदानावर चला. मैदान म्हणजे मागची मोकळी जागा, जिथे आम्ही मुलांना रिव्हर्स शिकवतो. बेकरीची व्हॅन मी आधीच तिथे नेऊन उभी केली होती. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवा विद्यार्थी आला की त्याला पहिल्याच दिवशी एका गाडीपासून लांब उभं करून तिच्या नंबरप्लेटवरचा नंबर वाचायला लावतात. वाचला तर स्टिअरिंगला हात, नाहीतर आधी डोळ्यांचा डॉक्टर. हा नियम बाबांचाच. आमच्या तिन्ही गाड्यांचे नंबर त्यांना पाठ होते, म्हणून व्हॅन.

मी व्हॅनपासून पावलं मोजत निघाले. बाबा बाजूने चालत होते. मी थांबले.

"वीसच झाली," बाबा म्हणाले. "पंचवीस."

मी मुद्दाम वीसवर थांबले होते हे माझं मलाच तेव्हा कळलं. आणखी पाच पावलं टाकली. बाबांनी मान जरा तिरकी केली, कोंबडीसारखी, आणि एका कडेने बघितलं. मग दुसऱ्या कडेने.

"पांढरी आहे," ते म्हणाले. "बेकरीच्या पोराची असेल."

"नंबर, बाबा."

"तिच्यावर नंबर लावलेला आहे का?"

मैदानाच्या पलीकडून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबा वळले आणि व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसले. मी समोर उभी राहिले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डोळ्याचा आतला पडदा झिजलाय. चष्म्याने सुधारत नाही, ऑपरेशन होत नाही. मधलं जातं. कडेचं दिसतं."

"दोन वर्षं!" मी ओरडले. बाबांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "आणि तुम्ही गाडी चालवताय? त्या रस्त्यावर पोरं असतात, बाबा! बाबागाड्या असतात!"

"मला रस्ता पाठ होता."

"पोरं पाठ असतात का?"

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. ते म्हणाले, "गाडी सोडली की तुझी आत्या त्या जिन्यावर वाट बघत बसेल, एवढंच डोक्यात होतं. बाकीचं मी बघत नव्हतो. म्हणजे, बघायचं टाळत होतो." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवशी आत्याकडे त्यांना मी सोडलं. आत्याने दार उघडताच विचारलं, "आज मागून कोण आलंय? मोलकरीण?" आणि तिघंही हसलो.

प्रश्न शनिवारचा होता. मी रात्रीपर्यंत अर्ज चारदा वाचला. एकशे चाळीस माणसं माझ्या भरवशावर होती, आणि मला दिसत होतं की तो अर्ज एका माणसासाठी लिहिलेला आहे. रस्ता पुन्हा दुहेरी झाला असता तर त्याला तो पुन्हा पाठ झाला असता, एवढाच त्याचा अर्थ. मी ठरवलं, हॉलमध्ये उभं राहायचं, माझी हरकत मागे घेतेय म्हणायचं आणि कारण विचारलं तर 'वैयक्तिक' असं सांगून बसायचं. बाबांचं नाव घ्यायचं नाही. हॉर्नकाका आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत.

हॉल खच्चून भरला होता. महापालिकेच्या इंजिनिअरबाई टेबलामागे बसल्या होत्या, तिशीच्या, समोर नकाशा आणि वही, आणि आज आपल्याला फाडून खाणार आहेत याची पूर्ण खात्री चेहऱ्यावर. माझं नाव पुकारलं. मी उठले. हॉर्नकाकांनी टाळी वाजवायला सुरुवात केली.

"मी," मी म्हटलं, "माझी हरकत मागे घेतेय."

टाळी अर्ध्यावर थांबली. "काय?" हॉर्नकाका ओरडले. "कुणी दम दिला का तुला? महापालिकेने काही कबूल केलंय का?"

"वैयक्तिक कारण आहे."

"वैयक्तिक? एकशे चाळीस सह्या घेऊन वैयक्तिक?" आता सगळेच बोलायला लागले. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. मी काय बोलणार होते ते विसरून गेले, आणि मी सहसा काही विसरत नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बाबा उठले. छत्तीस वर्षं मागच्या सीटवरच्या पोरांना ऐकू जाईल असा आवाज लावलेला माणूस, त्याला माइक लागत नाही.

"तिला ओरडू नका. कारण माझं आहे. मला दिसत नाही."

बाबांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"दोनदा उलटा आलो मी या रस्त्यावरून. लेकीला वाटलं पाटी चुकीची आहे. पाटी बरोबर आहे, मला ती दिसत नाही. दोन वर्षं दिसत नव्हतं आणि मी चालवत होतो. तुमच्यातल्या निम्म्यांना मी शिकवलंय, त्यांनी असं केलं असतं तर कानाखाली वाजवली असती. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. बस. गाडी बंद." त्यांनी श्वास घेतला. मला वाटलं, आता बसतील. ते बसले नाहीत. "तर माझी एक हरकत मागे. आता दुसरी लिहून घ्या, बाई."

इंजिनिअरबाईंनी पेन उचललं.

"तुम्ही रस्ता एकेरी केलात आणि बसचा थांबा उचलून दोन गल्ल्या पलीकडे नेलात. का? मी काल चालत गेलो, सव्वीस मिनिटं लागली. थांबा बेकरीसमोर पाहिजे. फुटपाथ तिथे आता रुंद आहेच. दुसरं, कोपऱ्यावरच्या सिग्नलला चालणाऱ्याला पंधरा सेकंद देता. पंधरा सेकंदांत मी अर्धा रस्ता ओलांडतो. उरलेला अर्धा मी कुणाच्या भरवशावर ओलांडायचा? तीस पाहिजेत. आणि बस साडेदहाला सुटली पाहिजे, माझी बहीण वाट बघते."

मागून बाबागाडीवाल्या आयांपैकी एक म्हणाली, "थांब्याचं आमचंही लिहा." कुणीतरी म्हणालं, "सिग्नलचं माझ्या आईसाठीही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंट बसने आले तरी चालतील मला." हॉर्नकाका पुटपुटले, "तीस सेकंद म्हणजे आम्ही काय गाडीत बसून राहायचं?" बाबा त्यांच्या दिशेने वळले आणि म्हणाले, "हो. हॉर्न न वाजवता." हॉल हसला आणि काकाही, नाइलाजाने, हसले.

"लिहिलंत?" बाबांनी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग वाचून दाखवा. मला दिसत नाही."

इंजिनिअरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी सावकाश, मोठ्याने वाचलं: थांबा, सेकंद, साडेदहा. सगळं बरोबर होतं. शेवटी त्यांनी वाचलं, "तरी या बाबतीत विचार व्हावा ही विनंती."

बाबांनी हात वर केला. "विनंती कशाला? मागणी लिहा."

त्यांनी ते खोडलं आणि वर मागणी लिहिलं. पहिली सही मी केली. दुसरी बाबांनी केली, जागा मी बोटाने दाखवली.