धुतलेली साडी

नलूची साडी मी धुतली. जाण्याआधी तिने शेवटची नेसलेली ती, खुंटीवर तशीच होती. मळलेली दिसली म्हणून धुतली, वाळवली, घडी करून कपाटात ठेवली.

रविवारी आमची मुलगी जागृती बोईसरहून केळव्याला आली. साडी खुंटीवर दिसेना, तेव्हा तिने कपाट उघडलं. साडी तोंडाशी धरली आणि तिथेच खाली बसली.

"बाबा, धुतली तुमी?"

"मळली होती, बाय."

"आईचा वास होता तिला. मी त्यासाठी येत होते."

मला कसं कळणार? मला जन्मापासून वास येत नाही. तारापूरच्या कारखान्यात सगळे नाक दाबायचे, मी तिथेच बसून डबा खायचो. नलू म्हणायची, "तुमचं नाक नुसतं चष्मा ठेवायला हाय." दूध नासलं, गॅस चालू राहिला, ते तीच सांगायची.

त्याचं कारण गेल्या वर्षी कळलं. जागृतीला मूल होत नव्हतं, म्हणून मुंबईला तपासण्या केल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला वास येत नाही का? मग कागदावर चित्र काढून समजावलं. बाळ पोटात असताना वासाच्या नसा नाकाकडून मेंदूकडे वाढतात. शरीराला वयात आणणाऱ्या पेशीही त्याच वाटेने जातात. वाढायचा निरोप घेणारा एक रिसेप्टर पेशींवर असतो. आमच्या दोघांचा तोच अधू. त्यात माझं नाक अधू राहिलं, तिची पाळी नीट आलीच नाही. इंजेक्शनं चालू आहेत, आशा आहे. पण माझ्याकडूनच तिच्याकडे गेलं.

आणि आता साडीही मीच धुतली.

मी घरात शोधायला लागलो. उशी आणली.

"नाय."

शाल आणली.

"डांबरगोळ्या."

फणी आणली.

"नुसतं तेल. राहू द्या, बाबा."

मी मागच्या दारी गेलो. वाडीत काम करताना नलू डोक्याला बांधायची तो फडका दाराआड अडकला होता. जागृतीने तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"हाय?"

तिने मान डोलावली.

"कसा हाय गं?"

"घामाचा... नाय, तसा नाय. आईचा. कसं सांगू?"

मीही धरून बघितला. नुसतं कापड.

"इथंच ठेवू, तुमच्याजवळ?"

"ने तू. मी परत धुवीन."

ती रडता रडता हसली. तिने फडका प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मी वरून आणखी एक पिशवी चढवली आणि गाठ घट्ट मारली, वास उडू नये म्हणून.