लाल जास्वंदीवरचं पांढरं फूल

दिवाळी आठवड्यावर आली होती आणि आनंदीबाईंच्या घरापुढच्या खळ्यात मुंगीला वाट मिळत नव्हती. तुळशीशेजारच्या लाल जास्वंदीवर त्या सकाळी एक पांढरंशुभ्र फूल उमललं होतं. लोक फुलाला हात जोडत आणि मग आनंदीबाईंच्या सुनेकडे, सुगंधाकडे, घरातून प्रेत निघाल्यासारखे बघत.

सुगंधाचा नवरा शंकर आगबोटीवर खलाशी. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. गणपती बोळवले आणि गावच्या देवळात पुष्पानंद महाराज उतरले. नाव त्यांनी स्वतःच ठेवलेलं, आईबापांना दोष देऊ नये. त्यांनी आनंदीबाईंना सांगितलं, "माई, हे झाडच बोलेल. फूल लाल राहिलं तर सुनेचं कुंकू शाबूत. पांढरं आलं तर..." आणि डोळे वर फिरवून पुढचं गिळलं. उरलेलं वाक्य म्हातारी स्वतःच पुरं करील, याची त्यांना खात्री होती.

मग शिष्यांनी धोतराचा आडपडदा धरला आणि आत महाराजांनी झुडपाला 'रक्षा' बांधली. पडदा निघाला तेव्हा एका फांदीच्या बुडाशी लाल फडकं होतं आणि त्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापलेला. हुकूम सुटला: चाळीस दिवस फडक्याला हात लावायचा नाही, फांदी हलू द्यायची नाही, मुळाशी रोज पाणी घालायचं. गावाने माना डोलावल्या. एवढं पाळायला आमच्या गावाला फार आवडतं.

आता नेमक्या त्याच फांदीवर पांढरं फूल आलं होतं. महाराज हजर झाले, पोट पुढे आणि शिष्य मागे.

"माई, काळ दारात आहे. पण तो भोळा आहे, त्याला फसवता येतं! सुनेच्या बांगड्या फोड, कुंकू पूस. इथे आधीच विधवा बसलीय असं बघून तो परत फिरेल. मंगळसूत्र आम्ही समुद्रात सोडू."

समुद्र बहुधा त्यांच्या झोळीत असावा, कारण शिष्याने आधीच तिचं तोंड उघडून धरलं होतं. काळाला इतकं बावळट ठरवणारा माणूस गावाला काय समजत असेल, हा विचार कुणालाही शिवला नाही.

आनंदीबाई वरवंटा घेऊन आल्या. "कर गो बाय हात फुडे. माझ्या झिलासाठी, शंकरासाठी कर."

मी गावचा शाळामास्तर. पुढे होऊन काही बोलणार, एवढ्यात सुगंधाच बोलली. तिचे शब्द स्वच्छ होते.

"गुरुजी, त्या खांदीची पानां बघा. चाळीस दिवस मीच पाणी घालतंय. ती पानां आमच्या झाडाची नाय."

मी बघितलं. बाकीच्या झाडाची पानं काळपट हिरवी, कडेला मोठे दाते. त्या एका फांदीची फिकट आणि जवळजवळ सपाट कडांची. आणि पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून कोण बसलं होतं? बाबली कलमवाला! आमचं गाव हापूसच्या कलमांवर जगतं. ह्या म्हाताऱ्याने जन्मभर कलमं बांधली. माझं डोकंच फिरलं.

"बाबलीकाका, फडकं सोडा आणि आत काय आहे ते सांगा."

"नको मास्तर, देवाचा बंधन तां. हात झडात."

"माझा कुंकू, मगे माझोच हात झडूंदे!" म्हणत सुगंधाने फडकं ओढून काढलं. हात जाग्यावर राहिला.

मी बाबलीचा हात धरून फांदीवर ठेवला. "डोळे मिटा. ही जास्वंद नव्हे, आंबा समजा."

म्हाताऱ्याची बोटं शेंदरातून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तो सवयीने पुटपुटला, "हयसर पाचर मारल्यानी. सोप सैल बांधलोहा. कलम आसा ह्या..." आणि स्वतःच्याच तोंडाकडे बघावं तसा दचकून त्याने डोळे उघडले.

झालं एवढंच होतं. आडपडद्यामागे महाराजांनी लाल जास्वंदीची एक फांदी छाटली, तिला चीर दिली, पांढऱ्या जास्वंदीची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवली आणि केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीने, आवळली. शेंदूर पाणी आत जाऊ नये म्हणून, फडकं सांधा दिसू नये म्हणून. हलवू नका, पाणी घाला, हे तर बाबली प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. झोळी उलटी केली तेव्हा एक धारदार सुरी पडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आणखी दोन काड्या. कुठल्या तरी पुढच्या गावातल्या दोन बायकांसाठी.

महाराज गरजले, "मूर्खांनो, ही देवाची लीला! देवानेच कलम केलं!"

लिहायला लाज वाटते, पण चार-पाच माना तेव्हाही डोलल्या.

बाबली भडकला. "देवान केल्यान तर देवाक केळीचो सोप कशाक लागलो? आणि गाठ इतकी वायट?"

हशा पिकला. शिष्य तोवर कुंपणाच्या गडग्यापलीकडे पोचले होते. महाराजांना पोटामुळे थोडा उशीर झाला.

हसणं ओसरलं तेव्हा आनंदीबाई वरवंटा हातात धरून तशाच उभ्या होत्या. "मगे मास्तर, माझो झील खंय आसा?"

"मला ठाऊक नाही, आनंदीबाई. ह्या झाडालाही नाही. त्याच्या आगबोट कंपनीला ठाऊक असेल. तुम्ही विचारलंत?"

त्यांनी मान हलवली. कुणीच विचारलं नव्हतं. सुगंधा आत गेली आणि शंकरच्या शेवटच्या पत्राचं पाकीट घेऊन आली. मागे कंपनीचा मुंबईचा पत्ता छापलेला होता. तिथेच ओट्यावर बसून मी पत्र लिहिलं. आज हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. ते बरं येईल की वाईट, मी सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

वाचकहो, चाळीस दिवस आमचं गाव एका झुडपाला प्रश्न विचारत बसलं. ज्यांना उत्तर ठाऊक होतं त्यांना चार ओळी लिहाव्यात असं कुणाच्याही मनात आलं नाही. गावात लिहितावाचता मास्तर होता, त्याच्याही नाही.