वाजत राहिलेला सेट

जीप आसगावच्या तलावाच्या पाळीवरून खाली उतरली आणि गावातले रेडिओ एकामागून एक गप्प झाले.

ही शांतता सेवकराम हटवारच्या ओळखीची होती. सायकलवर एकटा यायचा तेव्हाही हेच व्हायचं. पोस्टाचा लायसनवाला दिसला की सेट गोधडीत गुंडाळले जात, धानाच्या कोठीत पुरले जात. रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढायचं, दरवर्षी ते नवं करून घ्यायचं, असा कायदा होता. घरोघर जाऊन सेट शोधायचे आणि कार्यालयातल्या लायसनांशी त्यांची जुळणी करायची, ही सेवकरामची नोकरी. भंडारा जिल्ह्यातल्या अर्ध्याअधिक गावांना तो माणूस म्हणून माहीत नव्हता. तो आला की गाणं बंद पडतं, एवढंच माहीत होतं.

आज सोबत नागपूरचे साहेब होते. खास तपासणीची मोहीम निघाली होती. साहेबांनी गावाची यादी मांडीवर घेतली आणि कान टवकारले.

"हटवार, एक सेट वाजतोय."

सेवकरामनेही तो ऐकला होता. त्या सेटची खरखर तो हजारात ओळखला असता. चार वर्षं तो त्याच्याच क्वार्टरमध्ये वाजला होता. दोन वर्षांपूर्वी, पंच्याहत्तरच्या भाऊबीजेला, त्याने तो थोरल्या बहिणीच्या, गोदावरीबाईच्या, ओवाळणीत घातला होता. तिचा नवरा पुंडलिकराव धानाच्या बैलबंडीवरून पडला होता आणि कमरेखाली लुळा झाला होता. खाटेवर पडल्यापडल्या त्याला कुणाचा तरी आवाज हवा होता.

सेट आसगावला आला. लायसन मात्र भंडाऱ्यात सेवकरामच्या नावावरच राहिलं. "लायसन माणसाचं असते, सेटचं नाही," हे वाक्य तो गावोगाव लोकांना ऐकवायचा. ज्याच्या घरात सेट, त्याच्या नावावर लायसन हवं. पुंडलिकरावांच्या नावाचा अर्ज भरायचा तो या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत राहिला. भावाकडे लायसन आहे म्हणजे आपल्याला भीती नाही, असं गोदावरीबाई धरून चालली होती.

म्हणूनच आज गाव गप्प झालं तरी तिने सेट बंद केला नव्हता. जीपमध्ये आपला भाऊ आहे हे कळल्यावर तिने आवाज उलट वाढवला होता आणि चुलीवर चहा टाकला होता.

वाट दाखवायला आलेला गावचा कोतवाल केवळराम दारापाशी थांबला. त्याने एकदा सेवकरामकडे पाहिलं, मग खाली पाहून तंबाखू मळायला लागला.

गोदावरीबाई हसतच दारात आली. "ये ना..." एवढं बोलली आणि मागचे साहेब पाहून थबकली.

"लायसन दाखवा," साहेब म्हणाले.

तिने भावाकडे पाहिलं. सेवकरामने जप्तीचं पुस्तक उघडलं होतं. त्या क्षणी एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं: साहेब, ही माझी बहीण, सेट माझा आहे. पण मग लायसन तपासणाऱ्याचाच सेट बिनलायसनच्या घरात सापडला, असा कागद झाला असता. नोकरी जाण्याएवढं ते होतं. क्वार्टर, दोन मुलींची शाळा, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"नाव सांगा," तो म्हणाला.

चुलीवरचा चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी हललं नाही.

"माहं नाव?" तिने विचारलं.

"हो. पूर्ण."

"गोदावरी," ती सावकाश म्हणाली. "गोदावरी पुंडलिकराव ठवकर. लिहा."

त्याने लिहिलं. मॅट्रिकच्या वर्षी बाप त्याला धानाच्या रोवण्याला जुंपायला निघाला होता, तेव्हा त्याच्या वाटचा रोवणाही हिनेच चिखलात वाकून केला होता. नाव लिहिताना हे आठवायलाच हवं होतं असं नाही, पण आठवलं.

"सेट कुठून आणला?" साहेबांनी विचारलं.

"बजारातून घेतला जी."

"पावती?"

"नाही."

आतून पुंडलिकरावांचा आवाज आला, "कोन आलं वो? सेवकासारखा आवाज येऊन राहिला. त्याले आत पाठव ना, बाहेर काहून उभा हाये?"

साहेबांनी मान वर केली. सेवकरामच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

गोदावरीबाई आतल्या अंधाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "सेवक नाही. कोनी आपलं नाही. पोस्टातले साहेब हायेत."

मग तिनेच फळीवरून सेट उतरवला. बंद करायचं बटण शोधायला तिला वेळ लागला, कारण तो दिवसभर चालूच असायचा. पदराने तिने त्यावरची धूळ पुसली आणि सेट भावाच्या हातात दिला.

जीप पाळीवर चढेपर्यंत केवळराम चाकाशेजारून चालत होता. साहेब पलीकडे पाहत आहेत असं बघून तो हळूच म्हणाला, "हटवार साहेब, चहा सांडला बिचारीचा."

जप्त सेटचा नंबर लायसनांशी जुळवायचं काम कार्यालयात सेवकरामकडेच आलं. नंबर जुळला, त्याच्या स्वतःच्या नावाशी जुळला. त्याने शेरा मारला: जुळणी नाही.

खटल्याच्या तारखेला गोदावरीबाई एसटीने भंडाऱ्याला आली. भावाचं क्वार्टर कोर्टापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिकडे ती फिरकली नाही. दंड भरून झाल्यावर कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बसून तिने शिदोरी सोडली. बायकोने दिलेला डबा घेऊन सेवकराम तिथे गेला.

"बाई, घरी चाल. रुखमिणीनं सैपाक केला तुह्यासाठी."

तिने घास गिळला. "मले एक भाऊ हाये जी इथं," ती म्हणाली, "पन तो दौऱ्यावर असते. तो घरी नसताना त्याच्या घरी कायले जाऊ?"

"मी काय करू शकत होतो मंग? नोकरी गेली असती माही."

"गेली असती ना. मी बोललो का काही? तुही नोकरी राह्यली, माहं काय जाऊन राहिलं?" तिने फडकं झटकलं. "फक्त एक सांग. खाटेवरून तुह्या भाटव्यानं इचारलं का सेवक काहून आला नाही, तर मी काय सांगू?"

डबा तो तसाच परत घेऊन आला.

त्यानंतरच्या भाऊबीजांना आसगावहून बोलावणं आलं नाही. पुंडलिकराव गेल्याची बातमीही त्याला तेरवी उलटून गेल्यावर, पवनीच्या पोस्टमनकडून कळली. पोस्टमनने जाताजाता हेही सांगितलं की म्हातारा शेवटपर्यंत फळीकडे बोट दाखवून "लाव ना वो" म्हणायचा, आणि बाई त्याला सेट दुरुस्तीला गेलाय म्हणून सांगायची.

पुढे सरकारने रेडिओचं लायसनच काढून टाकलं. एका परिपत्रकात काम संपलं. सेवकरामला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. जप्तीची पुस्तकं रद्दीत गेली. ज्याच्यापायी त्याने बहीण घालवली तो आता गुन्हाही राहिला नव्हता.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो न बोलावताच आसगावला निघाला. काखेत नवा रेडिओ होता, खोक्यासकट. पाळीवरून उतरला तेव्हा गावात पाच-सहा घरांतून गाणी चालू होती. तो गल्लीत शिरला. एकही सेट बंद झाला नाही. एका दारातल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाण्यावर मान डोलवू लागला. जुन्या सवयीने सेवकराम प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबत गेला.

गोदावरीबाई अंगणात धान पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं, काखेतल्या खोक्याकडे पाहिलं. सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"बाई, मी आलो," तो म्हणाला. "हा तुह्यासाठी आनला. आता लायसन-बियसन काही लागत नाही."

"ठेव तिथं," ती म्हणाली.

तिने दाखवलेली जागा फळीवरची नव्हती. दाराजवळची, वहाणा काढायची होती. त्याने खोकं तिथे ठेवलं.

तिने पाट मांडला, आतून ताट आणलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं तयार होतं. दरवर्षीच तयार असायचं की काय, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. तो पाटावर बसला. भिंतीपलीकडे शेजारणीचा रेडिओ जोरात वाजत होता.

गोदावरीबाईने हातातली काडेपेटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "अवो केशरबाई! रेडिओ बंद करा जी. लायसनवाले साहेब आले."

पलीकडून हसू ऐकू आलं. "कायचं लायसन वो आता, बाप्पा? कवाचंच उठलं ते!"

"माह्या घरचं नाही उठलं," गोदावरीबाई म्हणाली. "बंद करा म्हनतो ना."

गाणं मध्येच तुटलं. घर अगदी शांत झालं. मग तिने काडी ओढली, निरांजन लावलं आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावायला वाकली.