उभ्या गाडीवरून

लिफ्ट तपासणं हे माझं काम. दोर, ब्रेक, दारं, सगळं बघायचं आणि कुठे खुट्ट वाजलं तरी लिफ्ट बंद करायची. लोक मागून मला नकारघंटा म्हणतात. म्हणेनात का! मी पास केलेल्या लिफ्टमधून आजवर कोणी पडलेलं नाही. पडलो तो मी, तोही वाळवंटात, मोटरसायकलवरून.

लेकीसाठी आलेली स्थळंही मी याच नजरेने बघितली. माझी अट एकच, मुलगा खोटं बोलणारा नको. एकाने डोक्यावरचे केस स्वतःचे असल्याचं सांगितलं. मी फक्त पंखा वाढवला. दुसरा म्हणे रोज पहाटे उठून पळायला जातो. मी आठवडाभर पहाटे फोन लावले. शेवटी त्याच्या आईने उचलला आणि मला जे सुनावलं ते सांगण्यासारखं नाही.

मग लेकीने स्वतःच एक शोधला. हा गडी हौशी लोकांना मोटरसायकलवरून वाळवंटात फिरवतो, आणि त्यावर पोट भरतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या बुटांतून आमच्या सतरंजीवर वाळू सांडली. मी मनातल्या मनात त्याचं नाव धुरळा ठेवलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण पुन्हा कोणासमोर बसणारही नाही." भांडून बोलली असती तर मीही भांडलो असतो. ती शांतपणे बोलली, म्हणून मला धडकी भरली.

माणूस त्याच्या कामावर बघावा, म्हणून मी त्याला म्हटलं, मलाही ने एकदा. बायको म्हणाली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि निघाले वाळवंटात. हात दाखवून अवलक्षण कशाला? पण ऐकेन तर मी कसला. तरुणपणी चालवली होती की मी गाडी. तेव्हा रस्ते होते एवढाच काय तो फरक.

धुरळ्याने मला हेल्मेट, छातीला चिलखत, गुडघ्याला वाट्या असं सगळं चढवलं आणि समजावून सांगितलं. काका, हँडल आवळून धरायचं नाही, वाळूत गाडी थोडी डुलणारच, नजर लांब ठेवायची, आणि थांबाल तिथे आधी पायाखालची जमीन बघायची. मी मान डोलावली. लोकांना सूचना देण्यात जन्म गेल्यावर माणूस ऐकतो कुठे?

आता एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी चालवताना मी पडलो नाही. वाळू तुडवत, डुलत, ओरडत मी त्याच्यामागे छान गेलो. एका उंच टेकडीच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. मी इंजिन बंद केलं आणि काय बाबा शान, अशा थाटात एक पाय खाली टेकला. तो टेकलाच नाही. भुसभुशीत वाळूत गुडघ्यापर्यंत गेला, गाडी कलली, मी हँडल सोडलं नाही आणि दोघेही आडवे झालो. गळ्याखालच्या हाडाचा कट् असा आवाज मला हेल्मेटमध्ये ऐकू आला. उभ्या गाडीवरून! इंजिन बंद असताना! पडलो तरी नाक वर म्हणावं, तर नाकही वाळूतच होतं.

धुरळा हसला नाही. त्याने गाडी उचलली, माझा हात रुमालाने गळ्यात बांधला आणि जीप बोलावून मला दवाखान्यात नेलं. वाटेत एकदा लेकीशी हळू आवाजात फोनवर बोलला, पण माझं लक्ष हाडाकडे होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसे पडलात? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "टेकडीवरून उडी घेतली काकांनी. आमची मुलंही तिथे कचरतात."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. नर्स दुसऱ्या नर्सला घेऊन आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि त्याच क्षणी कळलं की मुलगा खोटं बोलला, ते मी ऐकलं आणि मूग गिळून बसलो.

तेवढ्यात लेक धावत आली. धुरळा आम्हाला जागा करून बाहेर गेला.

"टेकडीवरून उडी मारलीत म्हणे?" तिने विचारलं.

आता आली का पंचाईत! हो म्हणावं तर मीच खोटारडा. नाही म्हणावं तर तो खोटारडा, आणि माझ्याच अटीवर लेकीचं लग्न मोडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण लहानपणापासून या पोरीच्या डोळ्यांत बघून मला थाप मारता आलेली नाही.

"उभ्या गाडीवरून पडलो," मी म्हणालो. "गाडी बंद होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याने मला फोनवर खरं सांगितलं. म्हणाला, बाहेर मात्र टेकडीच सांगू, काकांना लाज वाटायला नको."

"डॉक्टरांशी खोटं बोलला तो."

"बोलला," ती म्हणाली आणि पर्सचा पट्टा पिळत बसली. तिची नजर माझ्या तोंडाकडे होती. माझ्या एका शब्दासाठी माझी लेक अशी जीव मुठीत धरून बसावी, याची मला फार लाज वाटली. गाडीवरून पडलो त्याहून जास्त.

मी दाराबाहेर बघितलं. कंपाउंडरला तो हाताने टेकडीची उंची दाखवत होता आणि हात वर वर चालला होता. मला हसू फुटलं. हाड असं ठणकलं की डोळ्यांतून पाणी आलं. दुखण्याचंच आहे, असं मी लेकीला सांगितलं.

"जावईबापूंना म्हणावं, आत या," मी म्हणालो. "आणि टेकडी आता आणखी वाढवू नका. लोक बघायला निघतील."

लेक उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन आधी माझ्या धड खांद्यावर डोकं टेकवून रडली.