सावरटोल्याला गाडी थांबत नाही

गोदाबाईचं बालाघाटात बांगड्यांचं दुकान आहे. दर मंगळवारी ती सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला माल आणायला जायची. वाटेत सावरटोला लागायचं. तिथं तिची थोरली बहीण रुख्माबाई उभी असायची. दोन मिनिटांत खिडकीतून भरलेला डबा आत यायचा, रिकामा बाहेर जायचा. गुडघे कसे आहेत, नातू शाळेत जातो का, एवढंच बोलणं व्हायचं. माल घेऊन दुकान गाठायचं असल्यानं गोदाबाई तिथं कधी उतरली नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी तिकीट देणारा म्हणाला, "सावरटोल्याचा थांबा आजपासून बंद झाला, बाई. तिथून तिकिटंच खपत नव्हती."

गोदाबाईनं बहिणीला फोन लावला. तो बंद होता. मग सावरटोला जवळ आल्यावर ती दारात जाऊन उभी राहिली. गाडीचा वेग कमी झाला नाही. रुख्माबाई नेहमीच्या जागी डबा धरून उभी होती. गाडी थांबत नाही हे लक्षात आल्यावर ती दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं धावली. गोदाबाईनं हाक मारली, पण ती चाकांच्या आवाजात विरली.

पुढच्या स्टेशनला गोदाबाई उतरली आणि ऑटो करून मागं आली. रुख्माबाई अजून तिथंच बसलेली होती.

"काहून बसली व बाई, उन्हात?"

रुख्माबाईनं वर पाहिलं. "मले वाटलं, माह्यंच काई चुकलं. तू रागावली का काय."

"तुह्यावर काहून रागावू? थांबाच बंद केला त्यायनं."

"मंग गोंदिया?"

"राहू दे आज. घरी चाल."

रुख्माबाईला हसू आलं आणि रडूही. घरी पोचल्यावर गोदाबाईनं सुनेला फोन केला. "नूतन, मी उद्या येतो. दुकान तू पाय." दुपारी बहिणीनं तिच्या केसांना तेल लावलं. आई गेल्यापासून कुणी लावलं नव्हतं. भावाचं आजारपण, गोदाबाईच्या नवऱ्याचे शेवटचे दिवस, खिडकीतून कधी न निघालेलं सगळं त्या दुपारी निघालं.

पुढं बालाघाटात नव्या वेळापत्रकाबद्दल प्रवाशांची बैठक झाली. गोदाबाई गेली आणि उठून बोलली.

रेल्वेचे साहेब म्हणाले, "वहाँ से सवारी ही नहीं मिलती, अम्मा."

"माही बहीण गाडीत बसतच नाई, साहेब. ती भेटाले येते. तिचं तिकीट कुठून दिसन तुमाले?"

साहेबांनी वही पुढं ओढली. मग म्हणाले, "लिख लेता हूँ."

गाडी अजून तिथं थांबत नाही. गोदाबाई महिन्यातून एकदा जीपनं जाते आणि मुक्काम करूनच परत येते. रुख्माबाईनं तिच्यासाठी नवी खाट विणून घेतली आहे. त्या खाटेवर नातवालाही बसू देत नाही.